कर्नल तात्यांनी केलेली चौकशी

आमच्या घरात दाराकडे पाठ करून कुणी जेवायला बसत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. पण माझे चुलते, कर्नल तात्या, सैन्यातून निवृत्त होऊन गावी आले आणि पहिल्याच दिवशी सोप्याच्या आतल्या भिंतीला पाठ टेकून, दारावर नजर ठेवून जेवले. दुसऱ्या दिवशी माझे वडील, अण्णा, त्यांच्या शेजारी बसले, मग मी, मग घरात जे कोण पाहुणे असतील ते, आणि बघता बघता आमची सगळी पंगत एका भिंतीला चिकटून एका रांगेत बसायला लागली. आई चुलीपुढून मान वळवून बघायची आणि म्हणायची, "फोटू काढाय बसल्यागत बसत्यात समदी." ताटात घेवड्याची आमटी, लसणाची चटणी, तव्यावरून थेट येणारी भाकरी, आणि बाहेर पिठाच्या गिरणीचा टुकटुक टुकटुक आवाज. तो आवाज मधेच थांबला की तात्यांचा घास हातातच राहायचा. लाईट गेली असेल, असं अण्णा म्हणायचे. तात्या उठून खात्री करून यायचे, लाईट गेलेली असायची, आणि तोवर त्यांची आमटी गार झालेली असायची.

शेतावर जायला ते रोज निराळी वाट धरत. आमचं रान गावाला लागूनच, त्यामुळं निराळ्या वाटा लवकरच संपल्या, आणि मग ते लोकांच्या परड्यांतून, गोठ्यांतून जायला लागले. बायका अंगण सारवत असल्या की हात थांबवून म्हणायच्या, "जावा कर्नलसाब, वल्या जागंवर पाय द्यू नगासा." चहा आला की ते आपला कप शेजाऱ्याच्या कपाशी गुपचूप बदलत. शेजारी बहुतेक वेळा अण्णा असत आणि अण्णांना साखरेचा आजार होता. म्हणजे तात्या जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायले आणि अण्णांची साखर कधी आटोक्यात आली नाही. डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, पण तात्यांना ते सांगायचं कसं?

कारण तात्या युद्धात हेर होते, आणि ही गोष्ट फक्त त्यांच्या दृष्टीनं गुप्त होती. गावात शाळकरी पोरांनासुद्धा ती ठाऊक होती. कुणी म्हणे ते सीमेपलीकडे बांगड्या विकत, कुणी म्हणे सायकलींची पंक्चर काढत, आणि आमच्या न्हाव्याच्या मते ते तिकडच्या एका मोठ्या अधिकाऱ्याचे आचारी होते आणि जाता जाता त्याच्या कालवणात जमालगोटा घालून आले. शाळेत झेंडावंदनाला त्यांना दरवर्षी बोलवत. ते उभे राहून सांगत, "मी त्या वेळी रसद खात्यात होतो. तांदूळ मोजत होतो." पोरं जाणत्या चेहऱ्यानं टाळ्या वाजवत. पुढं त्यांनी अख्ख्या पलटणीची कमान सांभाळली, त्याबद्दल ते मोकळेपणी बोलत. रजेवर आलेले त्यांचे जवान आमच्या दारात खाडकन सलाम ठोकत आणि मग वाकून पाया पडत. पण त्याआधीचं विचारलं की तांदूळ. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना नखं नव्हती. मळणी यंत्रात गेली, असं ते सांगत. आमच्याकडं तेव्हा मळणी बैलांच्या पायाखाली व्हायची.

माझं लग्नाचं वय झालं तेव्हा जतकडून एक स्थळ आलं. मुलगा दिनकर, तिकडंच हायस्कूलमध्ये मास्तर, घरी थोडी जिरायत. आईचं तोंड स्थळ ऐकूनच उतरलं. आम्ही कोरेगावकडची, उसाला पाट सोडून झोपणारी माणसं, आणि जत म्हणजे तिच्या लेखी रिकामी घागर घेऊन टँकरच्या मागं पळणं. तरी बघायचा कार्यक्रम झाला. दिनकर आणि त्याचे वडील बापू आले, पोहे खाल्ले. बापूंनी मला नाव विचारलं, जे त्यांना माहीत होतं, आणि स्वयंपाक येतो का विचारलं, पोह्यांची बशी हातात धरून. मग दिनकर म्हणाला, "तुमाला काय इचारायचं आसंल तर इचारा की." असं मला याआधी कुणी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, पाणी किती दिवसांनी येतं? बापू म्हणाले, "आवं, पान्याला काय तोटा न्हाई." दिनकर म्हणाला, "टँकर यील तवा." बापूंनी मुलाकडं असं बघितलं की मला हसू दाबावं लागलं. मला तो तिथंच आवडला. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण आईला कळलं, कारण त्या संध्याकाळी मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

आता आमच्याकडं स्थळ पसंत पडलं तरी लगेच होकार देत नाहीत. आधी चौकशी करतात. घरातलं एखादं पोक्त माणूस त्या गावी सहज गेल्यासारखं जातं, पानाच्या टपरीवर बसतं, दाढी करून घेतं, आणि मुलगा पितो का, घरात भांडणं आहेत का, जमीन सांगितली तेवढी आहे का, हे काढून आणतं. माझी नात परवा तिच्या मैत्रिणीसाठी एका मुलाची अशीच चौकशी करत होती. सोफ्यावर लोळत, फोनवर, चहा निवायच्या आत. मुलाच्या आधीच्या मैत्रिणीच्या कुत्र्याचं नावसुद्धा तिला सापडलं. मला आपले तात्या आठवले.

अण्णांच्या मनात मावसभावाला पाठवायचं होतं. तसं ते जेवताना बोलले. तात्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "चौकशी मी करतो." आईची भाकरी तव्यावर करपली. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडं कुणी कसलं काम मागितलं नव्हतं, आणि आत्ताही कुणी मागत नव्हतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग तयारी. तात्यांनी दाढी वाढवली. अण्णांचं जुनं धोतर आणि पटका मागून घेतला आणि तो मातीत घोळला, जो आईनं आदल्याच दिवशी धुतला होता. आटपाडीकडचा बैलांचा व्यापारी व्हायचं ठरलं. पण लष्करातला माणूस, पाठ वाकेना. रोज सकाळी अंगणात ते वाकून चालायचा सराव करत. आई म्हणाली, "भावजी, आसं चाललासा तर लोक धरून दवाखान्यात न्हेतील." गुप्त कामावर निघताना निरोप घेत नाहीत म्हणून एका पहाटे ते न सांगता गेले. पण गेले ते गावच्या स्टँडवरून, नेहमीच्या एसटीनं. कंडक्टर उठून म्हणाला, "कर्नलसाब, पुढं बसा, मागं धक्के बसत्यात." ते मागंच बसले. निम्म्या गावानं त्यांना हात केला.

ते परत आले ते भर दुपारी, कोरेगावच्या रस्त्यानं, पायी. हातात कासरा, आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक पांढरा, उंच, लांब शिंगांचा खिल्लार बैल. बैल दारात आला, घराकडं शांतपणे बघितलं, आणि अंगणाच्या मधोमध खाली बसला. तात्यांनी हातपाय धुतले, भिंतीला पाठ टेकली आणि रिपोर्ट दिला. मी आत परातीत पीठ मळत होते. मळायचं थांबले.

"पोरगा चांगला," तात्या म्हणाले. "बाप खोटं बोलतोय. बैल बसतोय."

मग एकेक उलगडत गेलं. तात्यांनी दिनकरच्या शेताच्या बांधावर, बाभळीखाली मुक्काम ठोकला होता. सोबती यायचाय म्हणून थांबलोय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सुट्टीच्या दिवशी दिनकर औत घेऊन आला. औताची दोन तासं ओढून झाली नाहीत तोच हा बैल जू मानेवर असतानाच खाली बसला.

"मारलं का पोरानं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई. शेपूट पिळली न्हाई, पराणी लावली न्हाई. जू सोडलं, भाकरी काढली आन् बैलाशेजारी बसून खाल्ली. त्यालाबी निम्मी दिली. बैल उठंपतोर वही तपासत बसला."

परातीवर माझे हात तसेच राहिले होते. त्या क्षणी माझ्यापुरतं लग्न ठरलं.

"आवं, पर बसतोय ह्ये डोळ्यांनी बघून घेतलासा कशाला?" आई बाहेर येऊन म्हणाली.

तात्या जरा घुटमळले. त्यांना बैल घ्यायचाच नव्हता. बापूंशी ओळख काढून माणूस कसा आहे ते बघायचं, एवढाच बेत. म्हणून त्यांनी बैलाची चौकशी केली. कामाला कसा, विचारलं. बापू म्हणाले, पहिल्या नंबरचा, दिवसभर थांबत न्हाई. इथं तात्यांनी मनात नोंद केली की बाप खोटं बोलतो. काम झालं होतं, उठायची वेळ झाली. पण आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि त्याखाली समोरच्याची बोटं दाबून भाव सांगतात, चारचौघांना कळू नये म्हणून. बापूंनी उपरणं टाकलं आणि हात पुढं केला. तात्या लहानपणीच सैनिकी शाळेत गेलेले, बाजार कधी केला नाही. त्यांना वाटलं निरोप घ्यायचा. त्यांनी बापूंचा अख्खा पंजा धरला आणि फौजी पद्धतीनं चांगला करकचून दाबला. पाची बोटं. बापूंनी स्वप्नातही एवढा भाव धरला नव्हता. त्यांनी उपरणं झटकलं, सौदा झाला म्हणून गुळाचा खडा तात्यांच्या तोंडात घातला आणि कासरा हातात दिला. आता नाही म्हणावं तर व्यापारी नाही हे उघड. तात्यांनी कमरेचे पैसे मोजून दिले आणि कासरा धरला.

अण्णा हसत सुटले ते खोकला लागेपर्यंत. मग गंभीर होऊन तात्यांना म्हणाले, "इष्णू, बैलाचं खोटं बोलणारा माणूस पोराचं खरं सांगंल कशावरनं?"

तात्या म्हणाले, "नाव तर मीबी खोटंच सांगितलं हुतं."

होकार गेला, आणि सुपारी फोडायला पाहुणे कधी यायचे तेही ठरलं. मधल्या काळात बैल घरचा झाला. सकाळी गोठ्यातून बाहेर यायचा, अंगणात बसायचा, आणि जोंधळ्याची भाकरी दिली तरच उठायचा. तात्या त्याला रोज खरारा करत. पण ज्यांच्याकडून तो खोट्या नावानं आणला तीच माणसं दारात येणार आहेत, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एवढी युद्धं बघितलेल्या माणसाच्याही नाही. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आई रांगोळी काढायला गेली, पोटाखाली पाय दुमडून बसलेल्या बैलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आन् ह्याचं वो काय करायचं?"

मुलीच्या माणसांनी वेष पालटून पाळत ठेवली हे कळलं तर कुठला व्याही सुपारी फोडेल? बैलाला उसात नेऊन बांधायचं ठरलं. दावं ओढलं, बैल हलला नाही. भाकरी दाखवली, बसल्या बसल्या खाल्ली. गाडीला जुंपून न्यावं म्हणून अण्णांनी जू आणलं, ते बघून त्यानं मानही जमिनीला टेकवली. जीप फाट्यावर दिसली असा निरोप आला. तेव्हा तात्यांचा आवाज बदलला. त्या आवाजाबद्दल आजवर मी फक्त जवानांच्या तोंडून ऐकलं होतं. "कॅमोफ्लाज," ते म्हणाले. "वाडं आणा." तोडणी चालू होती, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या गोठ्याशेजारी पडलेल्या. आम्ही सगळ्यांनी त्या ओढून बैलावर रचल्या. शिंगांवर पेंढ्या, पाठीवर पेंढ्या. जीप दारात थांबली तेव्हा अंगणात वाड्याचा एक झकास ढीग उभा होता. तात्यांनी लांबून बघून मान डोलावली.

एका गोष्टीचा विचार राहून गेला होता. उसाचं वाडं हा बैलाचा सगळ्यात आवडता चारा. आणि हा तर जतचा बैल, ज्यानं जन्मात एवढं हिरवं बघितलं नव्हतं.

पाहुणे सोप्यावर बसले. ताटात सुपारी, हळदकुंकू, खोबऱ्याची वाटी. दाढी काढलेले, कडक इस्त्रीचे तात्या बापूंच्या समोरच, आणि बापूंनी त्यांना ओळखलं नाही. बोलणी सुरू झाली. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि अंगणाकडं बघितलं, तर ढीग चावत होता. कुरूम कुरूम आवाज येत होता. अण्णा मोठ्यानं बोलायला लागले. देणंघेणं नको, हे त्यांनी इतक्या जोरात सांगितलं की बापू दचकले. ढीग खाली खाली येत होता. आधी एका शिंगाचं टोक बाहेर आलं. दिनकरनं ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पटकन चहा पिऊन घेतला. मग दुसरं शिंग. मग ढीग शिंकला आणि मधून आमचा बैल, तोंडात लांब हिरवं पान धरून, सगळ्यांकडं बघायला लागला.

"जनावर कुनाचं म्हनायचं ह्ये?" पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला.

"शेजाऱ्याचं," अण्णा म्हणाले.

"भटकं दिसतंय," त्याच वेळी तात्या म्हणाले.

"आमच्याकडं आसला बैल कवाच न्हवता," बापू म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मग दोन घरांतली कर्ती माणसं, समोर बैल बसलेला असताना, तो बैल आपण कधी बघितला नाही हे एकमेकांना पटवत राहिली. बापूंना भीती, की बसणारा बैल गळ्यात बांधला हे उघडं पडतंय. तात्यांना भीती, की आपण उघडे पडतोय. बैलाला कसलीच भीती नव्हती. तो उठला. आमच्या घरी भाकरी न दाखवता उठल्याची ती पहिलीच वेळ. अंगावरचं वाडं झटकत तो सोप्याच्या पायरीशी आला आणि दिनकरच्या मांडीवर त्यानं मान ठेवली. दिनकरचा हात आपसूक त्याच्या गळ्याखाली गेला. त्यानं वडिलांकडं बघितलं, मग तात्यांच्या डाव्या हाताकडं, नखं नसलेल्या बोटांकडं. बांधावरच्या व्यापाऱ्याची बोटं त्याला आठवली असणार. बापूंनीही मुलाच्या नजरेमागून तिकडं बघितलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

त्यांनी टोपी नीट केली आणि उठले. "आमी घरी जाऊन इचार करतो," ते म्हणाले. "मग कळवतो."

आमच्याकडं कळवतो म्हणजे नाही. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सुपारी ताटात तशीच होती. मी ट्रेमधले रिकामे कप उगीच एकात एक घालत राहिले. दिनकर उठला नव्हता. पण बाप उठल्यावर मुलगा किती वेळ बसून राहणार?

"थांबा पाव्हणं," तात्या म्हणाले. "तुमच्या बांधावर आलेला व्यापारी मीच."

तात्या उभे राहिले. "नाव खोटं, गाव खोटं. अण्णांनी पाठवलं न्हवतं, माझा मी आलो. पोरीचा ह्यात कायबी दोष न्हाई. राग माझ्यावर धरा, तिच्यावर नगं."

बापू चिडलेलेच होते. "आन् कर्नल तरी खरं हायसा का?" ते म्हणाले. "का त्येबी सोंगच?"

तात्या सरळ झाले. टाचा जुळल्या. "युद्धात पकडलेला जवान तीन गोष्टी सांगतोय," ते म्हणाले. "नंबर, हुद्दा आन् नाव. मला तिकडं पकडलं तवा त्यातली एकबी सांगायची मुभा न्हवती. त्यांनी लय दिस इचारलं. मी न्हाई सांगितलं." डावा हात त्यांनी विजारीच्या शिवणीला दाबून धरला. मग त्यांनी आपला नंबर सांगितला. हुद्दा सांगितला. आणि मग वडिलांच्या नावासकट, आडनावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं. सगळ्या गावाला जी गोष्ट ठाऊक होती ती त्यांच्या तोंडून कधी निघेल असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नव्हतं, आणि ती निघाली ती माझ्यासाठी. आई स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती. मी ट्रे खाली ठेवला आणि लग्नाच्या मुलीनं चारचौघांत करू नये ते केलं. पाहुण्यांसमोरून चालत गेले आणि तात्यांच्या शेजारी उभी राहिले.

बापूंनी पुन्हा तात्यांच्या हाताकडं बघितलं. मग टोपी काढून मांडीवर ठेवत ते खाली बसले.

"बैल माझाच हाय," ते म्हणाले. "बसतोय त्यो. मला ठावं हुतं." आणि अण्णांकडं वळून, "घ्या ती सुपारी. फोडा."

सुपारी फुटली. साखर वाटली गेली, सगळे एकदम बोलायला लागले, दिनकरनं मला बघून पहिल्यांदा उघड हसून घेतलं. तात्या मात्र तसेच होते. टाचा जुळलेल्या, हात शिवणीला, नजर समोरच्या भिंतीवर. कर्नलला बसा असं कोण सांगणार, म्हणून कुणी सांगत नव्हतं. शेवटी त्यांनी मान न वळवता, मला एकटीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "शके, आता बसू का?"

"बसा तात्या," मी म्हणाले.